चमत्काराचा प्रयोग : इंद्रजाल, रंगभूमी आणि नागपूर

१

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द एकाच वेळी अनेक क्षेत्रांत वावरतो. नाटकाचा प्रयोग असतो, जादूचा प्रयोग असतो आणि प्रयोगशाळेत रसायनांचाही प्रयोगच असतो. जुन्या मांत्रिक परिभाषेत कोणावर तरी ‘प्रयोग करणे’ म्हणजे जारण-मारणादी कर्म करणे. ‘चमत्कार’ या शब्दाचा प्रवास याहून विलक्षण आहे. संस्कृत काव्यशास्त्रात तो सहृदयाच्या आस्वादाचे नाव होता. आज मराठीत ‘चमत्कार’ म्हटले की निसर्गनियम मोडणारी, बहुधा कोणा सिद्धपुरुषाला चिकटलेली घटना डोळ्यांपुढे येते. साहित्यसमीक्षेत त्याचे ‘चमत्कृती’ हे भावंड तेवढे उरले, आणि तेही बव्हंशी हिणवण्यासाठी. शेवटी कलाटणी देऊन वाचकाला चकित करणारी कथा ‘चमत्कृतिप्रधान’ ठरते, आणि तसे म्हणताच तिचे मूल्यमापन झाले असे समजले जाते.

या दोन शब्दांची ताटातूट आणि पुनर्भेट हा केवळ कोशकारांचा विषय नाही. रंगमंचावरील जादू ही कला आहे काय, असल्यास ती कोणत्या अटींवर कला ठरते आणि कोणत्या क्षणी ती फसवणूक होते, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. नागपुरात गेल्या चार दशकांत हा प्रश्न व्याख्यानमंचावर, विधिमंडळात आणि पोलिसांच्या दप्तरी अशा तीन ठिकाणी उभा राहिला. तथापि साहित्यशास्त्राच्या दृष्टीने त्याची दखल क्वचितच घेतली गेली. वस्तुतः या वादात जे पणाला लागले होते, त्याची परिभाषा आपल्या काव्यशास्त्राने फार पूर्वी घडवून ठेवलेली आहे.

२

भारतीय परंपरेत ऐंद्रजालिकाला तुच्छ मानलेले नाही. आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात मायावी पुरुषाचा दृष्टांत आदराने योजला आहे. ढाल-तलवार घेऊन सूत्रावरून आकाशात चढणारा मायावी आणि जमिनीवर उभा असलेला खरा मायावी हे वेगळे आहेत, असे ते सांगतात. अन्यत्र, स्वतः पसरलेल्या मायेचा मायावीला स्पर्श होत नाही, असाही दृष्टांत येतो. जादूगार फसवतो, पण फसत नाही. भास निर्माण करणारा आणि भासाच्या अधीन झालेला यांतील हे अंतर पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरेल.

संस्कृत नाटककारांनी ऐंद्रजालिकाला थेट रंगभूमीवर आणले. श्रीहर्षाच्या ‘रत्नावली’च्या चौथ्या अंकात शंबरसिद्धी नावाचा ऐंद्रजालिक मोरपिसांचा कुंचा फिरवीत येतो आणि राजाला आकाशातील देवदेवता दाखवतो. मग अंतःपुराला आग लागल्याची हाकाटी होते. राजा ज्वालांत उडी घेतो, सागरिकेला वाचवतो आणि आग नाहीशी होते. हे सारे अमात्य यौगंधरायणाच्या योजनेतले एक पाऊल होते, हे शेवटी उलगडते. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत सट्टकातील भैरवानंद तर आपल्या सिद्धीच्या बळावर दूरदेशीची नायिकाच राजापुढे आणून उभी करतो. ती ज्या ‘वच्छोम’ नगरातून आणली जाते ते वत्सगुल्म, म्हणजे विदर्भातील आजचे वाशीम, असे अभ्यासकांनी मानले आहे. शंबरसिद्धी भास दाखवतो, भैरवानंद वस्तू आणतो. पण प्रेक्षकाच्या दृष्टीने दोघेही नाटकातली पात्रेच, आणि त्यांच्या सिद्धीचा पुरावा नाटकाच्या चौकटीबाहेर कोणी मागत नाही.

चौकटीबाहेर इंद्रजालाचा उपयोग कसा होऊ शकतो, हे पाहावयाचे तर कौटिल्याकडे वळावे लागते. ‘अर्थशास्त्रा’च्या पाचव्या अधिकरणात रिकामा कोश भरण्याचे उपाय सांगताना त्याने रातोरात देवस्थान ‘प्रकट’ करण्याची, अवेळी फुललेल्या वृक्षाच्या निमित्ताने देवतेच्या आगमनाची वार्ता पसरवण्याची आणि विहिरीतील अनेक फण्यांचा नाग पैसे घेऊन दाखवण्याची युक्ती दिली आहे. जे विश्वास ठेवणार नाहीत त्यांना गुंगी आणून तो देवतेचा कोप असल्याचे भासवावे, हेही तो सुचवतो. तेराव्या अधिकरणात शत्रूच्या नगरात देवतेच्या मुखाने बोलणारे हेर येतात. येथे प्रेक्षकाला आपण प्रेक्षक आहोत हे ठाऊकच नाही. रत्नावलीतील आग आणि कौटिल्याचा नाग यांच्यात कौशल्याचा फरक नाही, साधनांचाही फारसा नाही. फरक आहे तो संबंधाचा.

३

हा संबंध सर्वाधिक सूक्ष्मतेने ज्याने न्याहाळला तो भवभूती विदर्भाचाच. ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत त्याने आपल्या घराण्याचे मूळ गाव म्हणून विदर्भातील पद्मपुराचा उल्लेख केला आहे. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते गाव म्हणजे आमगावजवळचे पदमपूर असा निर्णय दिला. ते आज गोंदिया जिल्ह्यात येते. भवभूतीच्या दोन नाटकांत अद्भुताची दोन परस्परविरोधी रूपे दिसतात.

‘मालतीमाधवा’च्या पाचव्या अंकात अघोरघंट हा कापालिक मालतीला कराला देवीपुढे बळी देण्यासाठी आणतो. त्याची शिष्या कपालकुंडला आकाशमार्गाने संचार करते. सिद्धी येथे आहे, पण ती दुसऱ्याच्या देहावर पोसलेली आहे. सौदामिनीसारखी सिद्धयोगिनी तीच शक्ती रक्षणासाठी वापरते, हे खरे. तथापि सिद्धी म्हणजे कोणावर तरी चालणारी सत्ता, हे तिचे स्वरूप तेथेही बदलत नाही.

‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात मात्र अद्भुत नाट्यरूप घेते. गंगेच्या तीरावर वाल्मीकींनी रचलेले नाटक अप्सरा सादर करतात आणि राम प्रेक्षकांत बसलेला असतो. रंगमंचावर टाकलेली, गर्भभाराने व्याकुळ झालेली सीता दिसताच तो भान विसरतो आणि तिला हाक मारतो. तेव्हा शेजारचा लक्ष्मण त्याला हे नाटक असल्याची आठवण करून देतो. रामाची चूक सामान्य प्रेक्षकाची नाही. ही त्याची स्वतःची पत्नी, स्वतःचा अपराध आणि स्वतःचे दुःख आहे. जे सर्वांसाठी नाट्य आहे ते त्याच्यासाठी नाट्य राहूच शकत नाही. लक्ष्मणाचे ते छोटेसे वाक्य म्हणजे चौकटीचे स्मरण. ते क्रूर नाही, सावरणारे आहे. आणि भवभूतीने शेवटी खरी सीता रामापुढे उभी केली, म्हणजेच भासाचा शेवट प्राप्तीत केला. नाटक ज्या दुःखाचा उपयोग करून घेते, त्याचे ऋण ते फेडते.

४

काव्यशास्त्राने या अनुभवाची मीमांसा केली ती ‘अभिनवभारती’त संकलित झालेल्या वादांतून. शंकुकाचा चित्रतुरगन्याय सर्वपरिचित आहे. भिंतीवर रंगवलेल्या घोड्याला आपण ‘हा घोडा’ म्हणतो. पण ती प्रतीती यथार्थ ज्ञानाची नसते, भ्रमाची नसते, संशयाची नसते की सादृश्याचीही नसते. शंकुकाची अनुमितिवादी उपपत्ती अभिनवगुप्तांनी गुरू भट्टतौतांच्या आधारे खोडून काढली, हे खरे. परंतु कलेतील भास हा भ्रम नव्हे, हा त्याच्या मांडणीतला मुद्दा टिकाऊ आहे. रंगमंचावरील जादूला तो तंतोतंत लागू पडतो. पेटीतली स्त्री करवतीने कापली जात आहे हे प्रेक्षक ‘पाहतो’, पण पोलिसांना बोलवायला धावत नाही. तो फसलेला नाही आणि न फसलेलाही नाही.

अभिनवगुप्तांनी रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आणि विघ्नरहित संवित्तीलाच चमत्कार म्हटले. त्यांतील दोन विघ्ने येथे विशेष विचारात घ्यावयास हवीत. एक, जे दिसते ते ‘माझेच’ किंवा ‘अमक्याचेच’ असे विशिष्ट देशकाळाशी बांधून घेणे. यावर उपाय म्हणून ते पूर्वरंग आणि प्रस्तावना यांचा निर्देश करतात. समोरचा नट आहे हे प्रेक्षकाला आधी कळते आणि मगच शिरोभूषणादी साधनांनी त्याचे नटपण झाकले जाते. म्हणजे नाट्यभासाची पहिली अट लपवणे ही नसून आधी सांगणे ही आहे. दुसरे विघ्न निजसुखादिविवशीभावाचे. स्वतःच्या सुखदुःखाने ग्रासलेला माणूस आस्वाद घेऊ शकत नाही. राम सातव्या अंकात याच विघ्नाने पछाडलेला आहे.

साधारणीकरणाचा हा विचार मराठीत सुबोध केला तो प्रामुख्याने रा. पं. कंगले आणि नागपूरचे ग. त्र्यं. देशपांडे यांनी. कंगल्यांनी ‘अर्थशास्त्रा’ची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि ‘अभिनवभारती’तील रसविचारही मराठीत आणला, ही गोष्ट प्रस्तुत संदर्भात सूचक आहे. सत्तेने वापरलेला भास आणि कलेने वापरलेला भास यांचे मूळ ग्रंथ एकाच अभ्यासकाच्या हातून मराठी वाचकापर्यंत पोचले. देशपांडे यांच्या ‘भारतीय साहित्यशास्त्र’ या ग्रंथाला १९५९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढील पिढ्यांची परिभाषा त्यातून घडली. ‘साहित्यदर्पणा’त विश्वनाथाने नारायणाचे मत नोंदवले आहे : सर्व रसांचे सार चमत्कार, म्हणून सर्वत्र अद्भुतच. हे मत टोकाचे आहे. तथापि अद्भुत हा पोरकट मनाचा रस असून प्रगल्भ वाङ्मयाने तो मागे टाकावा, या आधुनिक समजुतीला ते चांगले उत्तर आहे.

५

कलेतील भासाच्या दोन अटी येथवर हाती येतात. चौकट आधी जाहीर व्हावी आणि प्रेक्षकाचे वैयक्तिक दुःख वेठीस धरले जाऊ नये. तिसरी अट रंगमंचीय जादूच्या आधुनिक इतिहासातून मिळते.

९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात पी. सी. सरकार (१९१३–१९७१) यांनी आपल्या सहायिकेला यांत्रिक करवतीने कापण्याचा खेळ केला. कापल्यानंतर ती उठली नाही. तिच्यावर कापड टाकले गेले, निवेदक पुढे आला आणि कार्यक्रम संपला. त्यानंतर बीबीसीकडे घाबरलेल्या प्रेक्षकांच्या दूरध्वनींची रीघ लागली. सहायिका सुखरूप होती आणि सरकारांच्या लंडनमधील प्रयोगांना मोठी प्रसिद्धी मिळाली. आकस्मिक अंत हा वेळ संपल्याचा परिणाम की कसलेल्या कलावंताची योजना, यावर तेव्हापासून तर्क होत आले आहेत. सैद्धान्तिक दृष्ट्या महत्त्वाचे इतकेच की, प्रेक्षकाला चौकट ठाऊक असूनही केवळ निर्वहण हिरावले गेल्याने तिला तडा गेला. कापलेली व्यक्ती सांधली जाणे, नाहीसे झालेले परत येणे हा जादूच्या खेळाचा उपचार नव्हे. तो त्याचा निर्वहणसंधी आहे. ज्या भासाचा शेवट होत नाही तो प्रेक्षकाबरोबर घरी जातो, आणि घरी गेलेला भास भीती होतो.

महाराष्ट्रात ही कला प्रतिष्ठेने वाढवली ती पुण्याचे जादूगार रघुवीर भोपळे (१९२४–१९८४) यांनी. ‘प्रवासी जादूगार’ आणि ‘मी पाहिलेला रशिया’ ही त्यांची पुस्तके दाखवतात की स्वतःच्या व्यवसायाकडे ते कला आणि अभ्यास म्हणून पाहत होते. गारुड्याच्या भर रस्त्यातल्या खेळाला त्यांच्या पिढीने तिकीटघर, पडदा, प्रकाश आणि संगीत दिले. तिकीट ही यातली सर्वांत कमी चर्चिली गेलेली आणि सर्वांत महत्त्वाची वस्तू होय. तिकीट विकत घेणारा माणूस करार करतो : ‘मला अमुक वेळेपुरते चकवा.’ पूर्वरंगाचे कार्य आधुनिक नाट्यगृहात तिकीटखिडकीवरच सुरू होते.

६

या पार्श्वभूमीवर नागपुरातील घडामोडीकडे वळता येते. श्याम मानव यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे केंद्र नागपूर राहिले. अब्राहम कोवूर (१८९८–१९७८) आणि बी. प्रेमानंद (१९३०–२००९) यांनी चमत्कार करून दाखवून ते उलगडण्याची पद्धत दक्षिणेत रूढ केली होती. महाराष्ट्रातील चळवळीने ती उचलली आणि तिला मराठी सभेचे रूप दिले. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केल्यावर अशा प्रयोगांची दुसरी धाराही राज्यभर वाहू लागली.

या प्रात्यक्षिकांचा साहित्यशास्त्रीय अंगाने विचार करावयाचा तर त्यांची संहिता पाहावी लागते. अनेकदा कार्यकर्ता भगवी वस्त्रे नेसून ‘बाबा’ म्हणूनच प्रवेश करतो. मंत्र पुटपुटत हवनकुंडावर ‘तूप’ ओततो आणि काडी न ओढता ज्वाळा उठते. नारळावर पाणी शिंपडताच तो पेट घेतो. लिंबू कापताच रक्त गळते. रिकाम्या हातातून विभूती झरते. श्रोते स्तब्ध होतात. मग वेश उतरतो आणि उलगडा येतो. हवनात पोटॅशियम परमँगनेट होते आणि तूप म्हणून ग्लिसरीन ओतले. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा दडवला होता. सुरीच्या पात्यावर आधी रसायन लावलेले होते, ते लिंबाच्या आम्लाने लाल झाले. विभूतीची गोळी बोटांच्या बेचक्यात होती, ती चुरडली. शेवटी श्रोत्यांतल्याच कोणाला तरी मंचावर बोलावून त्याच्याकडून हाच चमत्कार करवून घेतला जातो.

या संहितेत नाटकाचा, जादूचा आणि विज्ञानाचा असे तिन्ही ‘प्रयोग’ एकत्र येतात आणि ‘प्रयोग’ या शब्दाच्या चौथ्या, मांत्रिकी अर्थाला उत्तर देतात. शब्दाच्या पोटात जे अर्थ शतकानुशतके शेजारी नांदत होते, ते मंचावर एकमेकांसमोर उभे ठाकतात. रचनेच्या दृष्टीनेही हा प्रकार लक्षणीय आहे. पूर्वरंग येथे मुद्दाम मागे ठेवलेला असतो. आरंभी भास चौकटीविना दाखवायचा आणि चौकट शेवटी उघड करायची. श्रोत्याला काही मिनिटे कौटिल्याच्या नागापुढे उभे करून नंतर लक्ष्मणाचे वाक्य ऐकवायचे, असे हे नाट्य आहे. त्याचे निर्वहण म्हणजे कापलेली वस्तू सांधणे नव्हे, तर श्रोत्याचे तुटलेले भान सांधणे.

जादूगाराने बुवाबाजीला उत्तर देण्याची कल्पना अर्थातच केवळ येथली नाही. रेजिनल्ड स्कॉटने १५८४ मध्ये चेटकीण म्हणून छळल्या जाणाऱ्यांच्या बाजूने लिहिताना हातचलाखीची रहस्ये छापली. हॅरी हुडिनीने १९२० च्या दशकात मृतात्म्यांशी बोलणाऱ्या माध्यमांची लबाडी उघड केली. पण याच इतिहासात रोबेर-हूदँही आहे. १८५६ मध्ये फ्रेंच सरकारने या जादूगाराला अल्जीरियात धाडले, ते स्थानिक मराबूतांचा प्रभाव मोडून फ्रेंचांची ‘जादू’ वरचढ आहे हे ठसवण्यासाठी. विद्युतचुंबकाने जखडलेली पेटी बलदंड माणसाला उचलता येईना. त्या सभेत चुंबकाचा उलगडा झाला नाही, कारण उलगडा करणे हा हेतूच नव्हता. एका दैवी सत्तेच्या जागी दुसरी सत्ता बसवायची होती. श्रोत्याच्या हाती सुरी आणि लिंबू देणारी नागपूरकडची पद्धत येथे मूलतः वेगळी पडते. रहस्य कोणाकडे राहते, यावरून भासाचे राजकारण ओळखावे.

७

या प्रात्यक्षिकांविरुद्ध तीन आक्षेप संभवतात आणि ते तिन्ही गंभीर आहेत. पहिला तार्किक आहे. विभूती हातचलाखीने काढता येते, यावरून अमुक बाबाने ती हातचलाखीनेच काढली हे सिद्ध होत नाही. हे मान्य करावयास हवे. परंतु प्रात्यक्षिक सिद्ध करते ते वेगळे आहे. ते पुराव्याचे ओझे हलवते. ‘मी डोळ्यांनी पाहिले’ ही साक्ष त्यानंतर पुरेशी राहत नाही, आणि चमत्कारकथेचा सारा डोलारा बहुधा याच साक्षीवर उभा असतो.

दुसरा आक्षेप कलावंताचा. रहस्य फोडले की जादू मरते आणि जादूगाराच्या पोटावर पाय येतो. याला उत्तर असे की समितीची प्रात्यक्षिके प्रायः बुवांच्या ठरावीक करामतींपुरती राहतात. रंगमंचीय जादूचे रहस्य पाळले जाण्यात काही गैर नाही, कारण तेथे रहस्य आहे हे जाहीर असते. नाटकातला खंजीर बोथट आहे हे ठाऊक असूनही प्रेक्षकाचा श्वास रोखला जातो. त्याचप्रमाणे युक्ती ‘आहे’ हे ठाऊक असल्याने विस्मय घटत नाही. उलट तो कलावंताच्या कौशल्याकडे वळतो. दैवी मानलेल्या चमत्काराची स्तुती देवाची होते. हातचलाखीची स्तुती मात्र दहा बोटांची आणि वर्षानुवर्षांच्या रियाजाची होते. उलगड्याने विस्मय संपत नाही, तो मालक बदलतो.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. बाबाकडे जाणारा माणूस विस्मयासाठी जात नाही. तो आजारी मुलासाठी, फिटत नसलेल्या कर्जासाठी, न झालेल्या अपत्यासाठी जातो. त्याला युक्ती दाखवून दिली तरी त्याचे दुःख जागच्या जागी राहते. अभिनवगुप्तांच्या परिभाषेत सांगावयाचे तर तो निजसुखादिविवशीभावाने ग्रासलेला आहे आणि त्याच्यासाठी कोणताही प्रयोग प्रयोग राहूच शकत नाही. बुवाबाजीचे कौशल्य हातचलाखीत नसून हे विघ्न जोपासण्यात आहे. रंगभूमी प्रेक्षकाला त्याच्या दुःखापासून काही काळ अलग करते. बुवा त्याला त्याच्या दुःखात अधिक घट्ट बांधतो आणि त्या गाठीवर आपले दुकान मांडतो. प्रात्यक्षिक ही गाठ दाखवू शकते, सोडवू शकत नाही. ते काम दवाखान्याचे, शाळेचे आणि न्याय्य अर्थव्यवस्थेचे आहे. ही मर्यादा न ओळखणारा बुद्धिवाद रामाला ‘हे नाटक आहे’ एवढे सांगून निघून जाणाऱ्या लक्ष्मणासारखा ठरेल.

८

दीर्घ काळ रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा प्रथम वटहुकूम म्हणून आला तो २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. त्या वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात त्याला दोन्ही सभागृहांची मान्यता मिळाली. नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांच्या प्रतिबंधाचा व समूळ उच्चाटनाचा हा अधिनियम आहे. त्याला बारा कलमांची अनुसूची जोडलेली असून शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. अघोरघंटाच्या कृत्यासाठी भवभूतीने नायकाच्या तलवारीची योजना केली होती. त्याच विदर्भात बाराशे वर्षांनंतर त्यासाठी विधेयक संमत झाले.

समीक्षकाने हा कायदा वाचावा तो त्यातील भासविषयक सिद्धान्तासाठी. अनुसूचीनुसार तथाकथित चमत्कारांचे प्रदर्शन करून त्यातून पैसा मिळवणे आणि अशा चमत्कारांच्या प्रचाराने लोकांना फसवणे वा त्यांच्यावर दहशत बसवणे हा अपराध आहे. जादूगारही अद्भुताचे प्रदर्शन करून पैसा मिळवतो. मग तो अपराधी का नाही? उत्तर ‘तथाकथित’ या एका विशेषणात आहे. चमत्कार म्हणून जे कथन केले जाते ते दोषास्पद. खेळ म्हणून जे कथन केले जाते ते नव्हे. कृती तीच, हात तेच, विभूतीची गोळीही तीच. गुन्हा ठरतो तो सोबतच्या उक्तीवरून. ज्या भेदासाठी शंकुकाला चार प्रतीतींचा निरास करावा लागला, तो भेद येथे एका विशेषणाने साधला आहे.

दिवंगत संतांचे चमत्कार सांगणे, त्यांविषयीचे साहित्य प्रसृत करणे, तसेच कीर्तन-प्रवचनादी परंपरा यांना कायद्याने संरक्षण दिले आहे. ही राजकीय तडजोड होती, असे म्हणता येईल. पण तिच्यात एक वाङ्मयीन शहाणपणही आहे. महिपतींच्या ‘भक्तविजया’त (१७६२) किंवा रिद्धपूरच्या परिसरात संकलित झालेल्या ‘लीळाचरित्रा’त जे अद्भुत येते ते आख्यानाचे अंग आहे. भिंत चालते ती ओवीत चालते. ती चालताना कोणाकडून दक्षिणा उकळत नाही. श्रोता तिच्यावर श्रद्धा ठेवो वा तिचे रूपक करो, कथनाची चौकट त्याच्या भोवती असतेच. चमत्कार कथेत असणे आणि कथा बाजूला सारून चमत्कार विक्रीला ठेवणे, यांतील सीमा कायद्याने बरीचशी अचूक हेरली आहे.

सीमा आखली म्हणजे ती प्रत्येक वेळी स्पष्ट दिसते असे नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये नागपुरातील एका रामकथेच्या निमित्ताने, भक्तांच्या मनातले आधीच चिठ्ठीवर लिहून ठेवण्याच्या दाव्याला श्याम मानव यांनी तीस लाख रुपयांचे आव्हान दिले. पोलिसांनी चित्रफिती तपासून या कायद्याखाली गुन्हा होत नसल्याचा निष्कर्ष कळवला. कायद्याच्या पातळीवर तो विषय तेथे थांबला. त्याच महिन्यात सुहानी शाह या मनकवडेपणाचे प्रयोग करणाऱ्या कलावतीने दूरचित्रवाणीवर समोरच्यांच्या मनातले ओळखून दाखवले आणि ही कला आहे, सिद्धी नव्हे, असे सांगितले. प्रेक्षकांचा विस्मय त्या सांगण्याने कमी झाला नाही. कलेतील भासाची पहिली अट, आधी सांगणे, ती याहून थोडक्यात कोणी पाळली नसेल.

९

चौकटीची पूर्वसूचना, प्रेक्षकाच्या दुःखाला वेठीस न धरणे आणि भासाचे निर्वहण या तीन अटी पाळणारा जादूगार नटाचा सख्खा भाऊ आहे. त्याला समीक्षेच्या उंबरठ्याबाहेर ठेवण्याचे कारण नाही. उलट नाट्यभासाचा सर्वांत शुद्ध नमुना त्याच्याकडेच सापडतो, कारण कथा, चरित्र आणि विचार यांचा आधार न घेता केवळ भास आणि त्याचे भान यांवरच त्याला उभे राहावे लागते. तीनपैकी एकही अट मोडली की तोच हात कौटिल्याच्या कामाला लागतो.

मराठी समीक्षेने ‘चमत्कार’ हा शब्द धर्माच्या बाजारात हरवू दिला आणि ‘चमत्कृती’ला हलक्या प्रतीचे ठरवून त्या हानीची भरपाई केल्याचे समाधान मानले. अद्भुताला आपल्या विचारात जागा न देणारी समीक्षा ते आयतेच दुसऱ्यांच्या हवाली करते. अद्भुताची भूक तर्काने नाहीशी होत नाही. ती कोणी तरी भागवणारच. प्रश्न एवढाच की रंगमंचावर, तिकिटाच्या कराराने आणि ठरल्या वेळी पडदा टाकून, की मठात, पडद्यावाचून. नागपूरच्या प्रात्यक्षिकात लिंबू कापून ‘रक्त’ काढणारा सामान्य श्रोता क्षणभर स्वतःच ऐंद्रजालिक होतो. शंकराचार्यांच्या मायावीप्रमाणे त्याला आपल्या मायेचा स्पर्श होत नाही, आणि तरी त्याच्या चेहऱ्यावर विस्मय असतो. तो विस्मय म्हणजेच शास्त्रकारांचा चमत्कार.